शब्दपाटीवरचा विनोद

मराठी कौटुंबिक विनोदी मालिकेतले घर प्रेक्षकाच्या चांगले ओळखीचे असते. आजोबा, नोकरदार मुलगा, संसार सांभाळणारी सून, कॉलेजात जाणारी नात आणि तिच्याशी भांडणारा नातू. २००१ ते २००४ या काळात आधी ‘अल्फा मराठी’ आणि नंतर ‘झी मराठी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या वाहिनीवर चाललेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या मालिकेने हे घर मराठी माणसाच्या मनात कायमचे वसवले. आबा टिपरे झालेले दिलीप प्रभावळकर याच्या दहा वर्षे आधी, म्हणजे १९९१ मध्ये, ‘चौकट राजा’ या चित्रपटात नंदू झाले होते. बालपणीच्या अपघाताने ज्याच्या बुद्धीची वाढ खुंटली आहे असा तो नंदू. त्याला पाहून महाराष्ट्र रडला आणि आबांना पाहून हसला. एकाच नटाने उभी केलेली ही दोन माणसे एका घरात मात्र कधी राहिली नाहीत. टिपऱ्यांच्या बिऱ्हाडात नंदूसारखा नातू असता, तर ती मालिका विनोदी राहिली असती का, हा प्रश्न मराठी दूरचित्रवाणीने स्वतःला विचारलेला दिसत नाही.

अमेरिकेत तो विचारला गेला आणि त्याचे उत्तरही मिळाले. ‘स्पीचलेस’ ही मालिका ‘एबीसी’ वाहिनीवर सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाली आणि तीन मोसम व ६३ भाग पूर्ण करून एप्रिल २०१९ मध्ये संपली. तिचे निर्माते-लेखक स्कॉट सिल्व्हेरी हे ‘फ्रेंड्स’ या गाजलेल्या मालिकेच्या लेखनात व निर्मितीत होते. त्यांच्या थोरल्या भावाला सेरेब्रल पाल्सी होती. अपंग मुलाच्या घरात हशा कसा पिकतो, हे सिल्व्हेरी यांनी लहानपणापासून पाहिले होते. मालिकेचा कस त्यातून आलेला आहे, कल्पनेने रचलेल्या सद्भावनेतून नव्हे.

मालिकेतले डिमिओ कुटुंब सतत घर बदलणारे. थोरल्या मुलाला, जेजेला, बरी शाळा मिळावी यासाठी आई माया हिने साऱ्या संसाराची विंचवासारखी बिऱ्हाडे केलेली. या वेळी कॅलिफोर्नियातील एका श्रीमंत वस्तीत त्यांनी घर घेतले आहे; मात्र त्या वस्तीतले सर्वांत मोडके. वडील जिमी यांना लोक काय म्हणतील याची फिकीर नाही, धाकट्या रे याला नेमकी तेवढीच फिकीर आहे आणि शेंडेफळ डिलन ही धावण्याच्या शर्यतीत सर्वांना मागे टाकून वर त्यांना टोमणे मारणारी. जेजे चाकाच्या खुर्चीत असतो आणि बोलू शकत नाही. त्याच्या चष्म्याला लेझरचा दिवा बसवलेला असतो. समोर धरलेल्या शब्दपाटीवर तो मान हलवून त्या दिव्याचा ठिपका एकेका अक्षरावर किंवा शब्दावर नेतो आणि शेजारचा माणूस ते मोठ्याने वाचून दाखवतो. ही युक्ती पटकथाकाराच्या डोक्यातून निघालेली नाही. लेखिका व सल्लागार इव्हा स्वीनी या स्वतः अशाच पद्धतीने संवाद साधतात, आणि त्यांनीच मालिकेला मार्गदर्शन केले.

मालिकेच्या भागांची शीर्षकेही याच रीतीने लिहिलेली आहेत. आधी दोन-तीन सुटी अक्षरे आणि मग पूर्ण शब्द. वाचणाऱ्याला दोन अक्षरांतच शब्द ओळखू येतो, म्हणून तो पुढची अक्षरे न थांबता पुरी करून टाकतो. कधी तो चुकीचा शब्द पुरा करतो आणि गंमत होते. कधी मुद्दामच दुसरा शब्द बोलतो आणि अधिक गंमत होते. बोलता न येणाऱ्या मुलाच्या तोंडी वाक्ये घालण्याची इतरांची खोड हा मालिकेचा खरा विषय आहे, असे म्हटले तरी चालेल.

पहिल्या भागातच नव्या शाळेत जेजेसाठी वेगळा उतार नसल्याचे दिसते. जो आहे तो कचरा बाहेर नेण्यासाठी केलेला. माया त्यावर जो गोंधळ घालते, तो पाहताना प्रेक्षक हसतो. पण मुख्याध्यापिकेची तारांबळ पाहून हसतो, मुलाची स्थिती पाहून नव्हे. शाळेने जेजेचा आवाज म्हणून नेमलेली बाई अतिगोड, परीकथेतल्या स्वरात बोलते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला तो आवाज स्वतःचा कसा वाटणार? तो शाळेच्या आवाराची देखभाल करणाऱ्या केनेथ या माणसाची निवड करतो, कारण त्याचा आवाज ऐकल्यावर समोरचा माणूस दचकतो. मदतनीस कोण असावा हे ज्याला मदत हवी त्याने ठरवावे, हे अपंग चळवळीचे जुने मागणे इथे भाषणावाचून पोहोचते.

जेजेची भूमिका करणारा मायका फाउलर याला स्वतःला सेरेब्रल पाल्सी आहे. तो मात्र बोलू शकतो. अपंग व्यक्तिरेखेसाठी धडधाकट नट घेण्याची रूढी तिथेही होती, आजही पुरती गेलेली नाही. त्यामुळे या निवडीची त्या वेळी बरीच चर्चा झाली.

इथे सेरेब्रल पाल्सीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. गर्भावस्थेत, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतर लवकरच मेंदूला इजा झाल्याने स्नायूंवरील नियंत्रणात येणारा हा दोष आहे. मेंदूची मूळ इजा पुढे वाढत जात नाही. मात्र स्नायूंचा ताठरपणा, अनैच्छिक हालचाली, उच्चारातील अडथळे यांचे स्वरूप प्रत्येकात वेगळे असते. काहींना बौद्धिक अक्षमताही असते, अनेकांना नसते. तोंडातून लाळ गळते आणि शब्द स्पष्ट येत नाहीत, एवढ्यावरून समोरच्याला ‘काही कळत नाही’ असे ठरवून टाकणे ही सर्वांत सार्वत्रिक चूक आहे. आपल्याकडे तर अशा मुलांना सरसकट ‘मतिमंद’ म्हणण्याची पद्धत वर्षानुवर्षे होती.

मायासारखी आई मुंबईने फार आधी पाहिलेली आहे. मिथू अलूर यांची कन्या मालिनी चिब यांचा जन्म १९६६ मध्ये कोलकात्यात झाला. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही. आईवडिलांनी मुलीला घेऊन इंग्लंड गाठले. तिथल्या विशेष शाळेत मालिनीची प्रगती झाली, आईनेही लंडनमध्ये विशेष शिक्षणाचे रीतसर शिक्षण घेतले. मायदेशी परतल्यावर मालिनीला सामावून घेईल अशी शाळा भारतात नव्हती. तेव्हा अलूर यांनीच ती काढली. १९७२ मध्ये मुंबईत कुलाब्याला, मोजक्या मुलांना घेऊन, ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ उभी राहिली. शिक्षण आणि फिजिओथेरपी, वाचा-उपचार वगैरे सर्व एकाच छताखाली, ही तेव्हा नवी गोष्ट होती. अभिनेत्री नर्गिस दत्त यांनी आश्रयदात्या म्हणून या कामाला मोठा हातभार लावला. अलूर यांना १९८९ मध्ये ‘पद्मश्री’ मिळाली. पुढे संस्थेने वेगळ्या शाळेऐवजी सर्वांबरोबर शिकण्याच्या, म्हणजे समावेशक शिक्षणाच्या धोरणाचा पुरस्कार केला आणि ‘अडॅप्ट’ हे नाव घेतले.

मालिनी चिब यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी घेतली, लंडनमध्ये पुढचे शिक्षण केले आणि मुंबईत एका पुस्तकांच्या दुकानात कार्यक्रम-व्यवस्थापक म्हणून नोकरी केली. ‘वन लिटल फिंगर’ हे त्यांचे आत्मचरित्र २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. शीर्षकातले बोट शब्दशः खरे आहे. ते त्यांनी एका बोटाने टंकलिखित केले. त्यांच्या नात्यातल्या शोनाली बोस यांनी त्यांच्या जीवनावरून स्फूर्ती घेऊन ‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’ हा चित्रपट काढला, तो भारतात एप्रिल २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. त्यातली नायिका चिडते, खोटे बोलते, प्रेमात पडते, आईपासून गोष्टी लपवते. प्रेक्षकाने तिची कीव करावी अशी सोय त्यात ठेवलेली नाही. भूमिका मात्र कल्की केकलां या धडधाकट अभिनेत्रीने केली होती, ही त्या काळाची मर्यादा.

मुंबईत विशेष शिक्षणाचा इतिहास याहूनही जुना आहे. दादरची अंध मुलींची शाळा १९०० सालची. शिवडीच्या ‘जय वकील’ शाळेची सुरुवात १९४४ मध्ये एका पारशी दाम्पत्याने आपल्या मुलीसाठी केली. या नकाशात एक गोष्ट नजरेत भरते. बहुतेक जुन्या संस्था दक्षिण आणि मध्य मुंबईत आहेत आणि वस्ती मात्र उत्तरेकडे सरकत गेली. श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये वांद्र्याला आली. जुहू, गोरेगाव या भागांत स्वयंसेवी शाळा निघाल्या. महापालिकेच्याही विशेष शाळा आहेत. तरीही बोरिवली किंवा मुलुंडच्या पालकाला ‘चांगली शाळा’ म्हटले की बराच काळ दक्षिणेकडेच पाहावे लागे. बोरिवली ते चर्चगेट हे अंतर सुमारे ३४ किलोमीटर आणि मुलुंड ते सीएसएमटी सुमारे ३१. डिमिओ कुटुंबाने शाळेसाठी घर बदलले. मुंबईतल्या कुटुंबाला जागांचे भाव पाहता ते जमत नाही, ते मुलाला घेऊन लोकलमध्ये चढते.

लोकलमध्ये अपंगांसाठी स्वतंत्र डबा असतो. अडचण डब्यापर्यंत पोहोचण्याची. पादचारी पुलाचे जिने, फलाट आणि गाडीचा पायदान यांतली उंच-सखल पोकळी आणि अर्ध्या मिनिटाहून कमी थांबणारी गाडी, यांमधून चाकाची खुर्ची नेणे हा एका माणसाचा उद्योग नव्हे. ही पोकळी किती घातक ठरते, हे जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात एका महाविद्यालयीन तरुणीने दोन्ही हात गमावले तेव्हा साऱ्या शहराला कळले. त्यानंतर फलाटांची उंची वाढवण्याच्या कामाला न्यायालयाच्या रेट्यामुळे वेग आला. त्याच वर्षी ८ जूनला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. फलाट व डबा एका पातळीवर, उद्वाहने, अंधांसाठी पायवाटेवर उंचवट्यांच्या फरशा. ज्यांनी आयुष्यभर पाठुंगळीवर मूल घेऊन जिने चढले त्यांना अंधेरीहून घाटकोपरला खुर्ची ढकलत जाता येऊ लागले. दहिसर-अंधेरी पश्चिम मार्गाने पुढे बोरिवलीही जोडली गेली. स्थानकाबाहेर पडल्यावर फुटपाथ संपतो कुठे आणि गटाराचे झाकण सुरू होते कुठे, हा भाग अजून तसाच आहे. कचऱ्याच्या उताराचा तो प्रसंग मुंबईत घडू शकणार नाही, कारण अनेक इमारतींत तोही उतार नाही. उद्वाहन असते, पण त्याच्या आधी चार पायऱ्या असतात.

विशेष शिक्षणाचा दुसरा, कमी दिसणारा प्रदेश म्हणजे अध्ययन अक्षमता. डोळ्यांना, कानांना, बुद्धीला दोष नसताना वाचन, लेखन किंवा गणित यांत मूल अडते. महाराष्ट्राने १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, गरज असल्यास लेखनिक, दुसऱ्या भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय आणि बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित अशा त्या सवलती. त्यासाठी प्रमाणपत्र लागते, आणि ते देण्याची सोय मुंबईत शीव व नायर अशा मोजक्या सार्वजनिक रुग्णालयांत होती. उपनगरांतल्या पालकांच्या त्यासाठीच्या खेपा, मुलाची बुद्धिमापन चाचणी, शैक्षणिक चाचणी, समुपदेशकाची मुलाखत, पुन्हा तारीख... यात विनोदी मालिकेचे निदान सहा भाग सहज आहेत. ‘आमच्या मुलात काही कमी नाही’ म्हणून वर्षभर भांडणारे आजोबा दहावी जवळ आल्यावर प्रमाणपत्रासाठी सर्वांत पुढे रांगेत उभे राहतात, असे पात्र लिहिण्यासाठी फार कल्पनाशक्ती लागणार नाही.

केंद्राच्या १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात अध्ययन अक्षमतेचा उल्लेखच नव्हता. त्यात सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले आणि अध्ययन अक्षमता व स्वमग्नता त्यांत आली. २००७ च्या डिसेंबरात आलेल्या ‘तारे जमीन पर’ने ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द घरोघरी पोहोचवला, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने तो अस्तित्वात नव्हता. ‘झी टीव्ही’वर २००९ मध्ये आलेली ‘आप की अंतरा’ ही स्वमग्न मुलीवरची मालिका हाही असाच एक प्रयत्न. तीही कौटुंबिक होती, तिचा स्थायीभाव मात्र करुण. जयवंत दळवी यांचे ‘नातीगोती’ तर त्याहून काळोखाचे. नोकरी करणारे आईवडील आणि शरीराने वाढत चाललेला, बुद्धीने लहान राहिलेला मुलगा यांची ती कोंडी आहे. ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाने साऱ्या साहित्यविश्वाची टोपी उडवणाऱ्या दळवींनाही या घरात हसण्यासारखे फारसे सापडले नाही. त्यांना दोष देता येणार नाही. त्या काळी अशा घराला शाळा, मदतनीस, पैसा यांपैकी कशाचाही आधार जवळजवळ नव्हता, आणि आधार नसलेल्या घरात विनोद टिकत नाही.

हिंदी पडद्यावर अपंगत्वाचा विनोद होता, पण तो वेगळ्या जातीचा. २००६ या एकाच वर्षी आलेल्या ‘गोलमाल’मध्ये मुका तरुण आणि ‘टॉम, डिक अँड हॅरी’मध्ये बहिरा, आंधळा व मुका असे तीन नायक होते. त्यांत हशा येतो तो अडचणीवर. याला सन्माननीय अपवाद सई परांजपे यांच्या ‘स्पर्श’चा (१९८०). अंधशाळेचे मुख्याध्यापक झालेले नसीरुद्दीन शाह आणि खऱ्या अंध विद्यार्थ्यांचा वर्ग यांचा तो चित्रपट गंभीर आहे. त्यातली मुले मात्र खोडकर आहेत आणि कुणाचीही दया मागत नाहीत. एका मराठी लेखिकेने ‘स्पीचलेस’च्या छत्तीस वर्षे आधी ही दिशा दाखवली होती. ‘चश्मेबद्दूर’ आणि ‘कथा’सारखे निखळ विनोदी चित्रपट करणाऱ्या परांजपे यांनी ‘स्पर्श’ची मुले घेऊन एखादी मालिका केली असती तर, असा विचार मनात येतोच.

दयेचीच एक चकचकीत आवृत्ती म्हणजे ‘प्रेरणादायी’ अपंग. ऑस्ट्रेलियातील विनोदी वक्त्या व पत्रकार स्टेला यंग (१९८२-२०१४) यांनी या प्रकारावर कडाडून टीका केली. चाकाच्या खुर्चीतला माणूस सकाळी उठून कामाला गेला, एवढ्यावरून धडधाकटांनी भारावून जाणे हा त्या माणसाचा वापर आहे, असे त्यांचे म्हणणे. ‘स्पीचलेस’ने पहिल्याच मोसमात या वृत्तीची खिल्ली उडवली. आपल्याकडे निधी गोयल या अंध मुंबईकर कार्यकर्त्या एकटीने रंगमंचावर उभ्या राहून हेच करतात. रस्ता ओलांडायचा नसतानाही हात धरून पलीकडे नेऊन सोडणारे परोपकारी हे अशा विनोदाचे हक्काचे गिऱ्हाईक. ‘अपंग’ जाऊन २०१५ नंतर ‘दिव्यांग’ हा शब्द सरकारदरबारी रूढ झाला, महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही काढला. शब्दातल्या या दैवी अंशाबद्दल अनेक अपंग कार्यकर्त्यांची नाराजी आहे आणि ती समजण्यासारखी आहे. उतार बांधण्यापेक्षा नाव बदलणे स्वस्त पडते.

जून २०२५ मध्ये आलेल्या ‘सितारे जमीन पर’मध्ये बौद्धिक व विकासात्मक अक्षमता असलेल्या दहा कलाकारांनी स्वतः भूमिका केल्या. तो ‘कॅम्पिओनेस’ या स्पॅनिश चित्रपटावर बेतलेला आहे. प्रेक्षक त्या कलाकारांबरोबर हसले. म्हणजे ‘लोकांना चालणार नाही’ ही सबब आता उरलेली नाही. अंधेरी ते गोरेगाव या पट्ट्यात रोज डझनावारी कौटुंबिक मालिकांचे चित्रीकरण होते. त्या घरांत विस्मरण होते, पुनर्जन्म होतो, एका चेहऱ्याची दोन माणसे निघतात. अपंगत्व आलेच तर ते पापाची शिक्षा म्हणून येते किंवा लग्नाच्या आदल्या भागात बरे होते.

अपंग मुलाच्या घरातले सर्वांत अवघड पात्र बहुधा भावंडाचे असते. ‘स्पीचलेस’मधला रे दादावर जीव लावतो आणि त्याच्यामुळे आपल्याला काही मिळत नाही म्हणून धुसफुसतोही. या दोन्ही भावना एका वाक्यात बोलून दाखवण्याची मुभा मालिका त्याला देते. मुंबईतल्या दोन खोल्यांच्या घरात ही धुसफूस आणखी दाटीने राहते. आईचा सगळा वेळ एका मुलाच्या थेरपीत जातो, मिळवता एकच, शाळेत सोबत बसणाऱ्या ‘शॅडो टीचर’चा पगार बहुतेक वेळा पालकांच्याच खिशातून, आणि धाकट्याला लहानपणापासून ऐकवले जाते की पुढे तूच याला पाहायचे आहेस.

या ‘पुढे’ची एक सरकारी तारीख असते. मूल १८ वर्षांचे झाले की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. उपनगर जिल्ह्याचे ते कार्यालय वांद्र्याला आहे. याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो, आणि उपचाराबरोबर थेरपीचा खर्चही त्यात येतो. २०१६ च्या कायद्याने ‘मर्यादित पालकत्व’ ही वेगळी कल्पना आणली. त्यात पालकाने अपंग व्यक्तीच्या वतीने परस्पर निर्णय घ्यायचा नसतो, तिच्याशी बोलून दोघांनी मिळून घ्यायचा असतो. ज्याची बुद्धी शाबूत आहे आणि फक्त वाचा नाही, अशा तरुणाला तर सहसा पालकाची गरजच नसते. त्याचे म्हणणे वाचून दाखवणारा माणूस आणि एक शब्दपाटी पुरते. मराठीत अशी पाटी करायची तर अक्षरांबरोबर काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरांची सोय करावी लागते. विशेष शाळांतले शिक्षक ती पुठ्ठ्यावर हाताने तयार करतात, आणि तिच्या एका कोपऱ्यात मुलाला वारंवार लागणारे शब्द लिहितात. ‘पाणी’, ‘बाथरूम’, ‘दुखतंय’, ‘नको’.